अस्तर घालण्याआधी चिमणी ओळखा

इंग्लंडमधल्या विटांच्या जुन्या घरांत चिमणी बाहेरून इतकी भक्कम दिसते, की आतून ती कितपत शाबूत आहे हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. घर घेताना छताची कौले, भिंतीतली ओल, खिडक्यांच्या चौकटी हे सगळे बारकाईने तपासले जाते. चिमणीबद्दल पाहणीच्या अहवालात एखाददुसरी ओळ असते आणि तीही बहुधा छपरावर दिसणाऱ्या भागापुरती. पुढे कधीतरी ऐन थंडीत घरातल्यांच्या मनात येते, की बैठकीच्या खोलीतली बुजवलेली शेकोटी उघडावी आणि तिथे लाकडावर चालणारी बंद काचेची शेगडी बसवावी. तो विचार मनात आलेल्यांसाठी ही पुस्तिका आहे.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आता मोठ्या संख्येने अशा घरांत राहतात. आपल्यापैकी अनेकांच्या आजोळी चूल होती, पण तिचा धूर कौलांच्या फटींतून निघून जाई. भिंतीच्या पोटातून दोन-तीन मजले चढत जाणारी धुराची वाट आपण वापरलेली नसते. त्यामुळे शेगडी विकणारा सांगेल ते ऐकण्यावाचून इलाज उरत नाही. तो सांगतो, ‘अस्तर घालून टाकू,’ आणि आपण मान डोलावतो. माझे म्हणणे असे, की अस्तर घालणे हे शेवटचे काम आहे. ते कोणते घालायचे, कुठून कुठवर घालायचे, किंबहुना घालायचे की नाही, हे चिमणी ओळखल्याशिवाय ठरवता येत नाही. या पुस्तिकेची निम्म्याहून अधिक पाने त्या ओळखीसाठी खर्च केली आहेत, ती याच कारणाने.

ओळख करून घ्यायची तर पहिली गोष्ट ही, की छपरावर दिसते ती एक चिमणी नसते. जुन्या घरात प्रत्येक शेकोटीची धूरनळी वेगळी. खालच्या बैठकीची, तिच्यामागच्या खोलीची, वरच्या दोन शयनगृहांची अशा सगळ्या नळ्या भिंतीतून वाकत, एकमेकींना वाट देत वर जातात आणि माळ्याच्या उंचीवर एका जुडग्यात येतात. छपरावर जितकी मातीची नळकांडी, साधारण तितक्या धूरनळ्या. ओळीने बांधलेल्या घरांत तर शेजाऱ्याच्या नळ्याही त्याच जुडग्यात असतात. दोन नळ्यांच्या मध्ये असते ती फक्त अर्ध्या विटेची आडभिंत. म्हणजे खालच्या खोलीतला धूर आणि शेजारच्या घरातले झोपलेले मूल यांच्यामध्ये सुमारे साडेचार इंच वीट आणि शंभर-सव्वाशे वर्षांचा चुना, एवढेच अंतर असू शकते.

या नळ्यांना आतून गिलावा असे, आणि तो कशाचा होता हे आपल्या वाचकांना जवळचे वाटेल: चुन्यात शेण मिसळून केलेला. शेणातल्या तंतूंमुळे चुना तडकत नसे आणि उष्णतेने सुटा होत नसे. गवंडी प्रत्येक थर रचताना आतून हात फिरवत वर जाई. चांगल्या हाताने केलेला हा गिलावा पिढ्यान्‌पिढ्या टिकला. पण तो अमर नव्हता. कोळशाच्या धुरातले आम्ल, पावसाचे पाणी, साफसफाईच्या काठ्यांचे घाव आणि मधूनच पेटलेली काजळी यांनी तो कुठे फुगला, कुठे पोपडे होऊन गळून पडला. त्यामागच्या दर्जा उघड्या पडल्या आणि चुन्याची भुकटी झाली. शेकोटी साफ करताना खाली वाळू आणि पांढुरके खडे सापडत असतील, तर ते बहुधा याच गिलाव्याचे आणि दर्जांचे अवशेष असतात.

इंग्लंड आणि वेल्समध्ये नव्या चिमणीला आतून अस्तर असलेच पाहिजे, असे बंधन आले ते १९६५ च्या इमारत नियमांनी. त्याआधीच्या घरांत अस्तर सापडले, तर ते नंतर कोणीतरी घातलेले असण्याचीच शक्यता जास्त. १९६५ नंतरचे घर आहे म्हणूनही निर्धास्त राहू नये. भाजक्या मातीची नळकांडी एकावर एक रचताना त्यांचा रुंद खोबणीचा भाग वर यावा लागतो, म्हणजे आतून ओघळणारे पाणी आणि डांबर नळीतच राहते. घाईने काम करणाऱ्या गवंड्यांनी ती उलटी बसवलेली अनेक ठिकाणी आढळतात. मग प्रत्येक सांध्यातून ओघळ भिंतीत जातो आणि शयनगृहाच्या भिंतीवर तपकिरी डाग उमटतो. त्यावर कितीही रंग दिला तरी तो पुन्हा वर येतो.

धूरनळ्या इतक्या अरुंद आणि वाकड्या का, याचे उत्तर इतिहासात आहे. १६६६ च्या आगीत लंडन जळाल्यावर पुढच्याच वर्षी पुनर्बांधणीचा कायदा झाला आणि शहरातली घरे विटांची किंवा दगडांची बांधणे सक्तीचे ठरले. इंधन म्हणून लाकडाची जागा कोळसा घेत होता. कोळशाला लहान शेकोटी आणि अरुंद नळी पुरते. व्हिक्टोरियन काळापर्यंत नऊ इंच चौरस किंवा नऊ बाय चौदा इंच ही मापे रूढ झाली. त्यांत मोठा माणूस शिरू शकत नाही, म्हणून साफसफाईसाठी मुले चढवली जात. १७७५ मध्ये लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी चिमणी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. व्यवसायामुळे होणाऱ्या कर्करोगाची ती पहिली मोठी नोंद मानली जाते. १७८८, १८३४ आणि १८४० मध्ये कायदे झाले, पण मुले चढतच राहिली. फेब्रुवारी १८७५ मध्ये केंब्रिजजवळ फुलबोर्न इथल्या मनोरुग्णालयाच्या चिमणीत जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा वर्षांचा मुलगा अडकला. भिंत फोडून त्याला बाहेर काढले, पण तो वाचला नाही. त्याच वर्षी लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या प्रयत्नाने झालेल्या कायद्याने ही प्रथा अखेर थांबली. हा इतिहास इथे सांगण्याचे कारण असे, की ती मुले ज्या वळणांवर अडकत तीच वळणे आज आपल्या घराच्या भिंतीत आहेत आणि आपल्याला त्यांतूनच नवी नळी ओढून न्यायची आहे.

आता मुख्य मुद्दा. चिमणी तीच राहिली, पण तिच्या तळाशी पेटणारा विस्तव बदलला. उघड्या शेकोटीत धुरासोबत खोलीतली भरपूर हवा वर ओढली जाते. धूर पातळ होतो, नळी कोमट राहते आणि ओल फारशी साठत नाही. उष्णता मात्र बहुतेक वायाच जाते. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचे दाट धुके बसले. त्यात सुमारे चार हजार माणसे मेली असा त्यावेळचा अंदाज होता. नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा कितीतरी वर नेला. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्याने शहरांत धूरबंदीची क्षेत्रे आखली गेली. पुढे गॅस आला, घरभर गरम पाणी फिरवणारे रेडिएटर आले आणि शेकोट्या फळ्या मारून बंद झाल्या. अलीकडे लाकडाची शेगडी परत आली, पण ती बंद दाराची, हवा मोजून घेणारी. तिच्यातून वर जाणारा धूर कमी आणि थंड असतो. त्याला सहा इंच व्यासाची नळी पुरते. नऊ इंच चौरस नळीचे क्षेत्रफळ तिच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे जुन्या नळीत तोच धूर तिसऱ्या हिश्श्याच्या वेगाने रेंगाळत जातो, गार विटांना टेकतो आणि त्यातली वाफ व डांबर तिथेच गोठते. लाकूड ओले असेल तर हे दुपटीने घडते. कोळशाच्या धुरातल्या गंधकाचे पाण्याशी मिळून आम्ल होते आणि ते चुन्याच्या दर्जा खाते. छपरावरच्या चिमण्या एका अंगाला कललेल्या दिसतात, त्याचे एक कारण हेच: जी बाजू जास्त काळ ओली राहते तिच्यातल्या दर्जा गंधकक्षारांनी फुगतात आणि विटांचा स्तंभ दुसरीकडे झुकतो.

गोठलेले डांबर काळ्या काचेसारखे चकचकीत होऊन नळीला चिकटते. ब्रशने ते निघत नाही. एखाद्या रात्री शेगडी जोरात पेटली की ते पेट घेते. चिमणीतली आग हजार अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकते. भिंतीतून रेल्वे गेल्यासारखा घुमणारा आवाज येतो. अशा वेळी शेगडीची हवा बंद करायची, सगळ्यांना बाहेर काढायचे आणि ९९९ ला फोन करायचा. वरून पाणी ओतायचे नाही. जुन्या घरांत तुळयांची टोके चिमणीच्या विटांतच रुतवलेली असतात. सध्याच्या मार्गदर्शिकेनुसार जळाऊ वस्तू धूरनळीपासून किमान २०० मिलिमीटर किंवा विटांच्या बाहेरच्या पृष्ठापासून ४० मिलिमीटर दूर असावी. १८९० च्या सुताराला हे ठाऊक नव्हते.

आग निदान दिसते आणि ऐकू येते. कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोके दुखते, मळमळते, गळून गेल्यासारखे वाटते. थंडीच्या दिवसांत माणूस समजतो की सर्दी-ताप आला, आणि शेगडीजवळ आणखी सरकून बसतो. बाहेर गेल्यावर बरे वाटते आणि घरी आल्यावर पुन्हा त्रास होतो, हे लक्षण ओळखावे. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोठा गैरसमज असा, की धोका शेगडीच्या खोलीत असतो. तिथे शेगडी, दार, खिडकी, जागी माणसे सगळे असते. खरा धोका वरच्या मजल्यावर, जिथे विटांच्या फटींतून झिरपलेला वायू झोपलेल्या माणसांपर्यंत पोचतो, आणि भिंतीपलीकडे, जिथे शेगडीच नाही म्हणून कोणी सावध नसते. चिमणीची पाहणी घराच्या प्रत्येक खोलीत झाली पाहिजे, ती याचसाठी.

पाहणीचा क्रम साधा आहे. आधी जाणत्या माणसाकडून चिमणी झाडून घ्यायची. काजळी असताना काहीच दिसत नाही आणि डांबरावर अस्तर घातले तर ते डांबर आत कोंडले जाते. मग कॅमेरा सोडून वळणे, पडलेल्या विटा, कावळ्यांच्या जातीतल्या जॅकडॉ पक्ष्यांची काटक्यांची घरटी पाहायची. मग धूरचाचणी: नळी थोडी तापवायची, तळाशी धुराची गोळी पेटवायची, वरचे व खालचे तोंड बंद करायचे आणि घरभर फिरायचे. शयनगृहे, कपाटांचे कोपरे, माळा आणि शक्य असेल तर शेजाऱ्यांच्या खोल्याही. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे. समजावून सांगितले तर बहुतेक जण आनंदाने दार उघडतात, कारण प्रश्न त्यांच्याही झोपेचा असतो. माळ्यावर आणखी एक गोष्ट पाहावी. खालच्या मजल्यावर जागा वाढवण्यासाठी पूर्वीच्या मालकाने चिमणीचा पुढे आलेला भाग तोडला असेल, तर वरचा विटांचा भार कशावर उभा आहे? त्याला पोलादी आधार नसेल तर अस्तराचा विचार बाजूला ठेवून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवावा.

दोन गोष्टी जिवावर बेतू शकतात, म्हणून त्या प्रस्तावनेतच सांगतो. शेकोटीच्या मागे पाणी तापवण्याचा जुना बॅक बॉयलर असू शकतो. गॅस आल्यावर त्याचे पाइप कापून तोंडे बंद केलेली असतात आणि आत पाणी उरलेले असू शकते. त्याच्यापुढे विस्तव पेटवला तर वाफ कोंडून स्फोट होतो; अशा स्फोटांत माणसे मेली आहेत. शेकोटी उघडताना तो आहे का हे पाहावे आणि असल्यास काढून टाकावा. दुसरी गोष्ट ॲस्बेस्टॉस. विसाव्या शतकातले करड्या सिमेंटचे धूरपाइप आणि दोऱ्या त्याच्या असू शकतात. संशय आला की हात न लावता तपासणी करून घ्यावी.

आता अस्तरांकडे वळू. सर्वांत जास्त वापरले जाते ते लवचिक पोलादी लायनर. लाकूड-कोळशासाठी ते दुपदरी लागते. एकपदरी लायनर फक्त गॅससाठी असते आणि दोन्ही लांबून सारखीच दिसतात. पोलादाच्या प्रती मुख्यतः दोन, ३१६ आणि ९०४. फक्त सुके लाकूड जाळणार असाल तर ३१६ चालते. धूरविरहित कोळसा जाळणार असाल तर आम्लाला जास्त दाद न देणारे ९०४ घ्यावे. पुढे कोण काय जाळेल ते सांगता येत नाही, म्हणून मी स्वतः ९०४ च्याच बाजूचा आहे. लायनरवर बाण छापलेला असतो, तो वरच्या दिशेला हवा. आतल्या पट्टीच्या घड्या अशा असतात, की बाण वर असला तरच खाली ओघळणारे डांबर घडीत अडकत नाही. छपरावरून एक जण लायनर सोडतो आणि खालून दुसरा दोरीने ओढतो. वळणावर ते अडले तर जोर लावू नये. मुरगळलेल्या लायनरचा आतला पदर फाटतो आणि ते बाहेरून कळत नाही. अडथळ्यापाशी वीट काढून वाट करावी लागते. शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीत काम असेल तर १९९६ चा पार्टी वॉल कायदा लागू होतो का, हे आधी विचारून घ्यावे.

माप शेगडीवर ठरते. साधारणतः १५० मिलिमीटर व्यास. धूरबंदी क्षेत्रासाठी मान्यता मिळालेल्या काही शेगड्यांना १२५ चालतो. उघडी शेकोटी ठेवायची असेल तर २०० किंवा अधिक लागतो. शेगडीच्या तोंडापेक्षा लायनर अरुंद कधीही नको. धूर नीट ओढला जावा म्हणून नळीची उंची साधारण साडेचार मीटर असावी आणि तिचे कोणतेही वळण उभ्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा जास्त नसावे. लायनर आणि विटा यांमधल्या पोकळीत व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट भरतात, त्यामुळे नळी उबदार राहते. पण वरून पाणी गळत असेल तर हेच दाणे स्पंज होऊन ओल धरून ठेवतात. आधी छपरावरच्या दर्जा आणि शिसाची पट्टी दुरुस्त करावी.

सिमेंटचे अस्तर हा दुसरा मार्ग. नळीत रबरी फुगा सोडून तो फुगवतात, मध्यभागी राहील असा आधार देतात आणि भोवती हलके काँक्रीट भरतात. ते घट्ट झाले की फुगा काढून घेतात. गोल, अखंड नळी मिळते आणि जीर्ण विटांनाही बळ येते. मात्र आडभिंतीला भोक असेल तर काँक्रीट शेजारच्या नळीत वाहते आणि एकदा भरले की ते काढता येत नाही. जुन्या, संरक्षित यादीतल्या घरात मी याची शिफारस करणार नाही. भाजक्या मातीची किंवा प्युमिस काँक्रीटची नळकांडी बसवायची तर वळणावळणावर भिंत फोडावी लागते. घराचे मोठे नूतनीकरण चालू असेल तेव्हाच ते परवडते, पण टिकाऊपणात ती पोलादाच्या पुढे आहेत. संरक्षित यादीतल्या घरात कोणतेही काम करण्याआधी स्थानिक नगरपालिकेची परवानगी लागू शकते. चुन्याच्या भिंतीला सिमेंटच्या दर्जा भरू नयेत, हेही कामगाराला स्पष्ट सांगावे.

सह्याद्रीतही या विषयाचे एक टोक आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या काही जुन्या बंगल्यांत जांभ्याच्या भिंतीतून गेलेल्या शेकोट्या आहेत आणि पर्यटकांसाठी त्या पुन्हा पेटवल्या जातात. इंग्लंडचे नियम तिथे लागू नाहीत, पण झाडणे, कॅमेरा, धूरचाचणी आणि वरच्या खोल्यांची पाहणी तिथेही तितकीच गरजेची आहे. बंगले चालवणाऱ्यांनी या पुस्तिकेतली पाहणीची प्रकरणे अवश्य वाचावीत.

शेगडी पेटवावीच का, हा प्रश्न मी टाळणार नाही. ब्रिटनच्या हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांचा मोठा वाटा घरगुती लाकूड जाळण्यातून येतो. घरात दमेकरी असेल आणि रेडिएटर नीट चालत असतील, तर शेकोटी बंदच ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे. अशी बंद चिमणीही हवेशीर ठेवावी लागते: वर पाऊस अडवणारी टोपी आणि खाली जाळी, नाहीतर आत कोंडलेली ओल भिंतीवर येते. पेटवायचीच असेल तर लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या आत हवी. इंग्लंडमध्ये पारंपरिक घरगुती कोळशाची विक्री १ मे २०२३ पासून पूर्ण बंद आहे, हेही ध्यानात असावे.

काम संपल्यावर काय हातात पडले पाहिजे, हे शेवटच्या प्रकरणात सविस्तर दिले आहे. शेगड्या बसवणाऱ्यांची नोंदणी ठेवणाऱ्या हेटास या संस्थेच्या यादीतल्या माणसाने काम केले तर तो स्वतःच्या कामाचे प्रमाणपत्र देऊ शकतो. इतर कोणी केले तर काम सुरू होण्याआधी स्थानिक इमारत-नियंत्रण विभागाला कळवून त्यांच्याकडून तपासणी करून घ्यावी लागते. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे. शेगडीजवळ किंवा मीटरपाशी एक सूचनाफलक लावलेला असावा: लायनरचा प्रकार, व्यास, बसवल्याची तारीख. कार्बन मोनॉक्साइडचा गजर शेगडीपासून एक ते तीन मीटर अंतरावर हवा. छतावर लावल्यास भिंतीपासून किमान ३०० मिलिमीटर दूर, भिंतीवर लावल्यास छतापासून किमान १५० मिलिमीटर खाली. धूरनळी ज्या शयनगृहांतून जाते तिथेही एकेक गजर लावावा. नियमात हे सगळीकडे नसले तरी मी ते आवश्यक मानतो. शेगडी पाच किलोवॉटपेक्षा मोठी असेल तर बाहेरची हवा आत येण्यासाठी कायमची जाळी लागते आणि ती थंडीत कोणीही कापडाने बुजवू नये. वर्षातून किमान एकदा चिमणी झाडून घ्यावी, पोलादी लायनरमध्ये तारेचा ब्रश घालू देऊ नये आणि झाडल्याची पावती प्रमाणपत्रासोबत ठेवावी. काही वर्षांनी शेगडी बदलली तर जुने लायनरही बदलावे; ते नुकतेच घातल्याचा पुरावा असेल आणि डोळ्यांनी पाहून शाबूत दिसत असेल, तरच ठेवावे.